मुख्य यंत्राधिकारी अर्देशीर कर्सेटजी वाडिया

दौलताबादच्या किल्ल्याचा खंदक, त्याचे ताशीव कडे आणि त्यांतील अंधारी वाट पाहून आपण पूर्वजांच्या कौशल्याची वाहवा करितों. परंतु त्याच दौलताबादच्या नांवाच्या स्थानकावरून मनमाडहून छत्रपति संभाजीनगराकडे जाणारा लोहमार्गही कांहीं कमी विचार करण्याजोगा नाहीं. ह्या मार्गावर कित्येक दशकें वाफेचीं इंजिनें धांवलीं. पुढें डिझेलचीं आलीं. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जुना अरुंद मार्ग जाऊन रुंद मार्ग झाला. रूळ बदलले, इंजिनें बदललीं. पण इंजिनाच्या जबाबदारीवर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगीं जे गुण लागतात ते मात्र बदलले नाहींत.

आमचे कित्येक विद्यार्थी इंजिनाच्या धंद्यांत शिरण्याची इच्छा बोलून दाखवितात, आणि कित्येक पालक तें ऐकून नाक मुरडतात. तेलानें हात काळे करणें हें शिकलेल्या मुलाचें काम नव्हे, अशी त्यांची समजूत असते. ह्या समजुतीस उत्तर म्हणून एका थोर गृहस्थाचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. हे गृहस्थ आपल्याच महाराष्ट्रांतील मुंबई बंदरीं वाढले, आणि केवळ यंत्रांच्या ज्ञानाच्या बळावर त्यांनीं असा मान मिळविला कीं, तो पुढें सुमारें पाऊणशें वर्षें दुसऱ्या कोणाही भारतीयाच्या वांट्यास आला नाहीं.

अर्देशीर कर्सेटजी ह्यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ रोजीं मुंबईंत प्रसिद्ध वाडिया घराण्यांत झाला. ह्या पारशी घराण्यांतील लवजी नसरवानजी हे सुरतेस जहाजें बांधणारे सुतार होते. ईस्ट इंडिया कंपनीनें त्यांस १७३६ सालीं मुंबईस आणिलें, आणि तेव्हांपासून पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गोदीचें मुख्य मिस्त्रीपण ह्याच घराण्याकडे राहिलें. त्यांनीं बांधलेलीं सागवानी जहाजें इतकीं टिकाऊ असत कीं, इंग्रजांच्या आरमारानेंही तीं बांधवून घेतलीं. १८१७ सालीं मुंबईस बांधलेलें ‘त्रिंकोमाली’ नांवाचें जहाज इंग्लंडांतील हार्टलपूल बंदरीं अद्यापि जतन करून ठेविलेलें आहे. त्या लांकडाची व त्या हातांची ही साक्ष होय.

अशा घराण्यांतील मुलाच्या पोटापाण्याची चिंता कोणी करावी? अर्देशीर १४ वर्षांचे होतांच, म्हणजे १८२२ सालीं, वडिलोपार्जित रीतीप्रमाणें गोदींत काम शिकूं लागले. वासला, करवत आणि आराखडा हाच त्यांचा पुढील मार्ग दिसत होता. परंतु काळ पालटत होता. १८२९ सालीं ‘ह्यू लिंडसे’ नांवाची आगबोट मुंबईच्या गोदींतून पाण्यांत सोडण्यांत आली. २० मार्च १८३० रोजीं ती मुंबईहून निघाली व वाऱ्याची पर्वा न करितां २२ एप्रिल रोजीं सुवेझास पोहोंचली. ह्या प्रवासांतील बरेच दिवस वाटेंतल्या बंदरीं कोळसा भरण्यांत गेले होते. तरीही शिडाच्या जहाजांचे दिवस भरत आले, हें जाणत्यांनीं ओळखिलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. त्या आगबोटीचा सांगाडा वाडियांच्या हातचा होता. पण तिचें इंजिन इंग्लंडाहून आलें होतें, आणि तें चालविण्यास माणसेंही तिकडूनच आणावीं लागत. सांगाडा आपला आणि काळीज परक्याचें, अशी ही स्थिति होती. पुढें जहाजें लोखंडाचीं होऊं लागल्यावर सांगाड्याचें कामही हातचें जाणार होतें. बापजाद्यांचा धंदा नांवाजलेला आहे म्हणून डोळे मिटून त्यालाच चिकटून राहावें, कीं नवी विद्या पहिल्या अक्षरापासून शिकावी? हा प्रश्न त्या घराण्यापुढें होता, तसा तो आज कित्येक शेतकरी व कारागीर कुटुंबांपुढें आहे.

अर्देशीरांनीं दुसरा मार्ग धरिला. त्यांनीं आपल्या देखरेखीखालीं एक अश्वशक्तीचें लहानसें बाष्पयंत्र तयार करविलें आणि त्याच्या योगानें विहिरीचें पाणी चढविलें. नंतर इंग्लंडाहून दहा अश्वशक्तीचें इंजिन मागवून तें एका लहान नौकेवर बसविलें. १८३३ सालीं तयार झालेल्या ह्या साठ टनांच्या नौकेचें नांव ‘इंडस’. पुढील वर्षीं, म्हणजे १० मार्च १८३४ रोजीं, त्यांनीं माझगांव येथील आपला बंगला व बाग कोळशाच्या धुराच्या, म्हणजे गॅसच्या, दिव्यांनीं उजळून टाकिली. हा चमत्कार पाहावयास खुद्द गव्हर्नर अर्ल ऑफ क्लेअर आले होते. मुंबईच्या रस्त्यांवर असे दिवे लागण्यास त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

एवढी कीर्ति झाल्यावर दुसरा एखादा तेवढ्यावर संतुष्ट राहिला असता. पण घरीं केलेले प्रयोग आणि मोठ्या आगबोटीचें इंजिन ह्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे, हें अर्देशीर जाणून होते. १८३९ सालीं, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, ते विलायतेस निघाले. तेव्हां सुवेझचा कालवा झालेला नव्हता. तो १८६९ सालीं खुला झाला. म्हणून आगबोटीनें सुवेझपर्यंत, तेथून वाळवंट ओलांडून कैरो व अलेक्झांड्रिया, आणि पुन्हां समुद्रमार्गानें पुढें, असा हा खडतर प्रवास होता. लंडनजवळ लाइमहाउस येथें सीवर्ड ह्यांचा आगबोटींचीं इंजिनें बनविण्याचा कारखाना होता. तेथें त्यांनीं काम पाहिलें व शिकून घेतलें. घरीं ज्यांच्या हाताखालीं माणसें राबत, ते परदेशांत स्वतः उमेदवार होऊन उभे राहिले. ह्या प्रवासाचें त्यांचें रोजनिशीरूप पुस्तक १८४० सालीं लंडनांत छापून निघालें.

ह्याच मुक्कामांत कंपनीच्या संचालकांनीं त्यांची नेमणूक मुंबईच्या सरकारी आगबोट-कारखान्याचे मुख्य यंत्राधिकारी म्हणून केली, आणि १ एप्रिल १८४१ रोजीं त्यांनीं सूत्रें हातीं घेतलीं. त्यांच्या हाताखालीं देशी कारागीर होते, तसेच युरोपीय यंत्रकार व बॉयलर दुरुस्त करणारेही होते. एक देशी मनुष्य गोऱ्या कामगारांवर अधिकारी होणें ही त्या काळीं अपूर्व गोष्ट होती. मुंबईंतील इंग्रजी वृत्तपत्रांत शंकेचा सूर निघाला, आणि एतद्देशीयाच्या हातीं एवढा कारखाना सोंपविणें योग्य कीं काय, अशी चर्चा झाली. ह्या चर्चेस अर्देशीरांनीं आपल्या कामानें उत्तर दिलें. १८५७ पर्यंत, म्हणजे सोळा वर्षें, तो कारखाना त्यांच्याच ताब्यांत राहिला.

अशा अधिकाऱ्यास रोज कशाकशाला तोंड द्यावें लागे, हें समजल्यावांचून त्याची थोरवी समजणार नाहीं. त्या काळच्या आगबोटींच्या बॉयलरांत समुद्राचेंच पाणी भरीत. पाण्याची वाफ होई आणि मीठ मागें राही. तें वेळच्या वेळीं बाहेर सोडिलें नाहीं तर आंतील पत्र्यांवर मिठाचा जाड थर बसे. थर बसला म्हणजे विस्तवाची उष्णता पाण्यास नीट पोहोंचत नसे. कोळसा फुकट जळे, पत्रा तापून नरम पडे आणि अखेर फाटे. वाफेचा दाब दर चौरस इंचास थोड्याच पौंडांचा असला, तरी निष्काळजीपणानें माणसें भाजून मरण्यास तो पुरेसा होता. म्हणून बॉयलरांतील पाण्याची उंची, दाब दाखविणारें साधन आणि जादा वाफ सोडणारी झडप, ह्या तिहींवर अहोरात्र लक्ष ठेवावें लागे.

इंजिनावरील मनुष्यास लागणारे गुण येथें आपोआप दिसून येतात. पहिला गुण म्हणजे कान व डोळा. चांगला यंत्रज्ञ आवाजांतील किंचित् फरकावरून कोणता सांधा सैल झाला आहे तें ताडतो. दुसरा गुण हात. कानस चालवून धातूचा तुकडा केंसाएवढ्या फरकापर्यंत बरोबर बसविणें हें पुस्तक वाचून येत नाहीं. तिसरा गणित व रेखाचित्र. दाब आणि दट्ट्याचें क्षेत्रफळ ह्यांचा गुणाकार ज्यास करितां येत नाहीं, त्यास यंत्राची शक्ति कधींही कळावयाची नाहीं. चवथा गुण नोंद ठेवण्याची शिस्त. किती कोळसा जळला, किती तेल लागलें, कोणता भाग केव्हां बदलला, हें ज्यानें खरेंखुरें लिहून ठेविलें, त्यास पुढील बिघाड आधींच दिसतो. आणि पांचवा, सर्वांत कठीण गुण म्हणजे माणसें सांभाळणें. भट्टीपुढें कोळसा टाकणाऱ्यापासून मुख्य मिस्त्रीपर्यंत सर्वांची मनें एका कामांत गुंतवितां आलीं नाहींत, तर उत्तम इंजिनही निरुपयोगी होय. अर्देशीरांच्या हाताखालचीं माणसें तर निरनिराळ्या देशांचीं व धर्मांचीं होतीं, आणि त्यांतील कांहींना त्यांचा अधिकार रुचलेला नव्हता. अशा ठिकाणीं हुकमापेक्षां ज्ञानाचाच धाक चालतो.

२७ मे १८४१ रोजीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस आपले सभासद निवडून घेतलें. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर दुसऱ्या भारतीयाची, म्हणजे थोर गणिती रामानुजन् ह्यांची, निवड व्हावयास १९१८ साल उजाडावें लागलें. ज्या सभेचें अध्यक्षपद एके काळीं न्यूटननें भूषविलें, त्या सभेंत मुंबईच्या गोदींतील यंत्रज्ञास स्थान मिळालें, हें तेलानें काळ्या झालेल्या हातांस हिणविणाऱ्यांनीं विसरूं नये.

अधिकारपदावर बसल्यानंतरही त्यांचें शिकणें थांबलें नाहीं. १८४९ सालीं ते अमेरिकेस जाऊन आले, आणि लांकूड कापण्याचीं व घडविण्याचीं तेथील यंत्रें त्यांनीं मुंबईच्या गोदीसाठीं निवडलीं. सुतारांच्या घराण्यांतील ह्या पुरुषानें सुतारकामासही यंत्राची जोड दिली. १८५१ सालीं त्यांनीं ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यांत सोडिली. हिचा प्रत्येक भाग त्यांच्या स्वतःच्या घरच्या ओतशाळेंत तयार झालेला होता. नांव पूर्वजांचें आणि यंत्र आपल्या हातचें! १८३० सालीं जें काळीज परक्याचें होतें, तें ह्या आगबोटींत आपलें झालें.

१८५७ सालीं ते मुंबईच्या नोकरींतून निवृत्त झाले. पुढें १८६१ सालीं सिंधमध्यें कोटरी येथें सिंधु नदीवरील आगबोटींच्या कंपनीचे मुख्य यंत्राधिकारी म्हणून त्यांनीं पुन्हां काम पत्करिलें, व सुमारें दोन वर्षें तें केलें. नंतर ते इंग्लंडांत रिचमंड येथें जाऊन राहिले, आणि तेथेंच १६ नोव्हेंबर १८७७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. भारत सरकारनें १९६९ सालीं त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढिलें.

आतां विद्यार्थ्यांनीं विचारावें कीं, वाफ गेली, मग ह्या चरित्राचा आम्हांस काय उपयोग? उपयोग असा कीं, इंजिन गेलेलें नाहीं. त्याचें रूप तेवढें पालटलें आहे. आपल्या शहराजवळ वाळूज येथें १९८५ सालीं दुचाकी व तीनचाकी वाहनांचा मोठा कारखाना निघाला, आणि त्याभोवतीं सुटे भाग बनविणारे लहान कारखाने वाढले. शेतांत पंप, रस्त्यावर ट्रॅक्टर, समुद्रावर प्रचंड जहाजें, इस्पितळांत वीज गेल्यास चालणारें जनित्र, सर्वत्र इंजिनाची निगा राखणारा मनुष्य हवाच आहे. आज इंजिनांत किती इंधन केव्हां सोडावें हें लहानसा संगणक ठरवितो, आणि उष्णता, दाब व वेग मोजणारीं बारीक साधनें त्यास बातमी पुरवितात. परंतु साधनानें खोटी बातमी दिली तर ती ओळखावयास यंत्राचें मर्म जाणणारा मनुष्यच लागतो.

ह्या धंद्यांत जाण्याच्या वाटा अनेक आहेत. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत डिझेल मेकॅनिकचें वा फिटरचें काम शिकतां येतें. तंत्रनिकेतनांतून पदविका व महाविद्यालयांतून पदवी घेतां येते. रेल्वेंत प्रथम साहाय्यक चालक होऊन मग वर चढावें लागतें, आणि त्यासाठीं दृष्टि निर्दोष असावी लागते. जहाजावरील यंत्राधिकाऱ्यास समुद्रावरील नोकरी आणि सरकारी परीक्षा, दोन्ही पायरीपायरीनें पार कराव्या लागतात. मुलींनींही हें क्षेत्र आपलें नव्हे असें मानूं नये. देशांतील पहिल्या स्त्री रेल्वे-चालक सुरेखा यादव ह्या आपल्या सातारा जिल्ह्यांतल्याच.

पालकांस आमची विनंति एवढीच आहे. मुलानें घरांतील बंद पडलेला पंप उघडून बसल्यास त्यास एकदम रागें भरूं नये. सुटे केलेले भाग क्रमानें मांडून तो पुन्हां जोडावयास सांगावें. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हीही हें ध्यानांत ठेवा कीं, नुसती हौस पुरत नाहीं. गणिताची वही, रेखाचित्राची फळी आणि कानस ह्या तिहींशीं ज्याची सारखीच मैत्री झाली, त्याच्या हातीं लोक आपलें इंजिन आणि त्याबरोबर आपला जीवही निःशंकपणें सोंपवितात. अर्देशीरांना मोठें घराणें लाभलें होतें हें खरें. परंतु मुंबईच्या त्या कारखान्यांत सोळा वर्षें त्यांच्या उपयोगीं पडली ती एकतिसाव्या वर्षीं पुन्हां उमेदवार होऊन शिकलेली विद्याच.