सर्पगंधेची पारख

शाळेत दरवर्षी आरोग्यतपासणी होते. वैद्यकीय अधिकारी येतात, मुलांना भिंतीशी ताठ उभे करून उंची मोजतात, काट्यावर उभे करून वजन घेतात आणि कधी कधी दंडाला कापडी पट्टा गुंडाळून रक्तदाबही पाहतात. भिवंडीच्या यंत्रमागांच्या खटखटाटात वाढणाऱ्या मुलाला कापड मोजणारे हात नेहमीच दिसतात. पण आपल्या देहाचे माप कशासाठी घेतात, असा प्रश्न त्याच्या मनात क्वचितच येत असेल. मोजमापाच्या याच शिस्तीने ज्यांनी सर्व जगाला एक औषध मिळवून दिले, त्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचे हे चरित्र आहे.

डॉ. वकील यांचा जन्म १९११ साली झाला. त्यांनी लंडनमध्ये वैद्यकशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईत हृदयरोगांच्या चिकित्सेला वाहून घेतले. परळ येथील राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, म्हणजेच के. ई. एम. रुग्णालय, हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. त्या काळी परळच्या चहूबाजूंना कापडगिरण्यांची धुराडी उभी होती. गिरणीत राबणारे असंख्य श्रमिक याच रुग्णालयाच्या आश्रयाला येत.

हृदय रक्त पुढे ढकलते, तेव्हा त्या रक्ताचा रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर जो दाब पडतो, त्याला रक्तदाब म्हणतात. तो दीर्घकाळ प्रमाणाबाहेर राहिला, तर हृदय, मूत्रपिंडे आणि मेंदू यांना इजा पोहोचते. हा शत्रू मोठा कपटी आहे. बहुधा तो कोणतीही वेदना न देता शरीरात ठाण मांडतो. तो ओळखण्याचा खात्रीचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे मोजमाप. इटलीतील रिवा-रोची यांनी १८९६ साली दंडावरील पट्ट्याने हा दाब मोजण्याची युक्ती काढली. पुढे १९०५ साली रशियातील शल्यवैद्य कोरोत्कोव्ह यांनी तिला श्रवणनलिकेची जोड दिली. पट्ट्यात हवा भरली की दंडातील रक्तप्रवाह थांबतो. हवा हळूहळू सोडू लागले की ठोके ऐकू येऊ लागतात. पहिला ठोका ऐकू येतो, तेव्हाचा आकडा हा वरचा दाब. आणि ठोके ऐकू येईनासे होतात, तेव्हाचा आकडा हा खालचा दाब.

दाब मोजता येऊ लागला, परंतु तो उतरवणारे खात्रीचे औषध हाती नव्हते. १९४५ साली अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने मरण पावले. त्यांचा रक्तदाब फार वाढलेला होता. बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखापुढेही जेथे वैद्यक हतबल होते, तेथे गिरणीकामगाराने कोणाकडे पाहावे?

उत्तर आपल्याच रानात उभे होते. सर्पगंधा नावाचे एक लहानसे झुडूप आपल्या देशाच्या दमट अरण्यांत उगवते. तिचे मूळ उन्मादावर आणि सर्पदंशावर देण्याचा प्रघात फार जुना होता. १९३१ साली कलकत्त्याच्या डॉ. सेन व डॉ. बोस यांनी ही वनस्पती उन्मादाप्रमाणे रक्तदाबावरही गुणकारी असल्याचे लिहिले होते. तथापि त्याकडे जगाचे लक्ष गेले नव्हते. जुने ते सारे टाकाऊ असे मानणारे एकीकडे आणि जुने ते सारे निर्दोष असे मानणारे दुसरीकडे, अशी स्थिती होती. डॉ. वकील यांनी यांपैकी कोणताच मार्ग पत्करला नाही. त्यांनी सर्पगंधेची पारख करायचे ठरवले.

सुमारे दहा वर्षे ते आपल्या रुग्णांना हे औषध देऊन परिणाम न्याहाळत होते. त्यांतील पन्नास रुग्णांची काटेकोर माहिती त्यांनी १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केली. चार आठवड्यांच्या उपचारानंतर शेकडा ८५ रुग्णांचा वरचा आणि शेकडा ८१ रुग्णांचा खालचा दाब उतरलेला आढळला. गुण येतो असे सांगणे निराळे आणि किती जणांना, किती दिवसांत येतो हे आकड्यांनिशी दाखवणे निराळे. त्या लेखाने पाश्चात्त्य वैद्यांचे डोळे उघडले. बोस्टन येथील डॉ. विल्किन्स यांनी हे औषध अमेरिकेत वापरून पाहिले, तर १९५२ साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी मुळातील रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले.

मग सन्मान चालत आले. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेचे लास्कर पारितोषिक, १९५८ साली पद्मभूषण आणि १९६५ साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. २० नोव्हेंबर १९७४ रोजी त्यांचे निधन झाले.

कालांतराने मोजमापाची तीच कसोटी सर्पगंधेलाही लागली. अधिक मात्रेने काही रुग्णांचे मन खिन्न होते, असे दिसून आले. पुढे अधिक सोयीची औषधे निघाली आणि सर्पगंधेचा वापर कमी झाला. यात डॉ. वकील यांच्या कार्याला उणेपणा येत नाही. ज्या सत्यनिष्ठेने औषधाचे गुण शोधायचे, तिनेच त्याचे दोषही पाहायचे, हेच तर शास्त्र होय.

बालमित्रांनो, रक्तदाब हा केवळ मोठ्यांचा विकार नव्हे. उंचीच्या मानाने वजन फार वाढले, कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक झाला, की लहान वयातही दाब वाढण्याचा धोका वाढतो. म्हणूनच शाळेतील ती मापे महत्त्वाची असतात. मुलांचा दाब त्यांचे वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे पाहून ठरवावा लागतो. पट्टाही दंडाला साजेसा हवा. तो अरुंद असला तर आकडा खोटाच वाढलेला दिसतो. पाच मिनिटे शांत बसल्याखेरीज दाब मोजू नये आणि एकदाच आकडा अधिक आला म्हणून घाबरू नये. तो निरनिराळ्या दिवशी पुन्हा तपासावा. मीठ बेताने खाणे आणि रोज निदान तासभर मैदानावर खेळणे हे तर आपल्याच हाती आहे. कोणाचे शरीर स्थूल आहे म्हणून त्याला हसणे मात्र अत्यंत गैर होय. माप घ्यायचे ते जपण्यासाठी, हिणवण्यासाठी नव्हे.

पुढच्या वेळी दंडाला पट्टा बांधला जाईल, तेव्हा परळच्या त्या रुग्णालयात एकेका श्रमिकाच्या उशाशी बसून आकडे टिपणाऱ्या डॉ. वकील यांचे स्मरण करा आणि हात स्थिर ठेवा.

स्वाध्याय
१. रक्तदाबाला कपटी शत्रू का म्हटले आहे?
२. सर्पगंधेविषयी डॉ. वकील यांनी कोणती भूमिका घेतली? ती तुम्हांला योग्य वाटते का? सकारण लिहा.
३. आपल्या कंबरेचा घेर व उंची मोजा आणि घेर उंचीच्या निम्म्याहून कमी आहे का, ते पाहा. मापे वहीत नोंदवा. ती इतरांना दाखवण्याची आवश्यकता नाही.