तलवार गेली, फुलं राहिली

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी बँकेच्या कॅश काउंटरवर बसत असे. दिवसाकाठी शेकडो नाणी बोटांखालून जात. मोजायची, थैलीत भरायची, थैलीच्या तोंडाला दोरी आवळून लाखेचं सील मारायचं. नाण्यावर काय कोरलंय हे बघायला सवड कुणाला होती? निवृत्तीनंतर मात्र एकदा जपानचा जुना चांदीचा येन पाहण्यात आला. त्यावरचा ड्रॅगन भिंगाखाली धरला आणि बघतच राहिलो. खवला न् खवला जिवंत! हे ज्यानं कोरलं त्याचा मूळ धंदा नाण्यांचा नव्हताच. तो होता तलवारींवर फुलं कोरणारा कारागीर. त्याचं नाव कानो नात्सुओ.

नात्सुओचा जन्म १८२८ सालचा, क्योतो शहरातला. घर तांदळाच्या व्यापाऱ्याचं. सात वर्षांचा असताना तो दत्तक गेला, तो तलवारी विकणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या घरी. पोराच्या नशिबानं इथंच वळण घेतलं म्हणायचं. दुकानात येणाऱ्या तलवारींच्या पात्यांपेक्षा मुठीवरच्या नक्षीनं त्याला वेड लावलं. बघता बघता त्यानं हातात छिन्नी घेतली आणि धातूवर रेघोट्या ओढू लागला. नव्या आईवडिलांनी त्याला रागावण्याऐवजी एका कोरीव काम करणाऱ्या कारागिराच्या हाताखाली ठेवलं. तेव्हा तो जेमतेम बारा वर्षांचा होता.

इथं थोडं थांबून जपानी तलवारीची घडण पाहायला हवी. पातं घडवणारा लोहार वेगळा आणि मुठीचा साज करणारा वेगळा. मूठ आणि पातं यांच्यामध्ये एक चकती असते, तिला ‘त्सुबा’ म्हणतात. हात पात्यावर घसरू नये म्हणून ती. आकारानं तळहातात मावेल एवढी, मधोमध पातं जाण्यापुरती फट. उरलेली जागा कारागिराची! याखेरीज मुठीच्या दोऱ्यांखाली बसवायचे ‘मेनुकी’ नावाचे चिमुकले दागिने, मुठीच्या दोन्ही टोकांच्या टोप्या आणि म्यानाच्या कडेला खोचलेल्या छोट्या सुरीची मूठ. सतराव्या शतकापासून जपानात अडीचशे वर्षं शांतता नांदली. सामुराईच्या कमरेची तलवार क्वचितच म्यानातून बाहेर येई. साहजिकच ती मिरवायची वस्तू झाली आणि या इवल्याशा जागेत बाग फुलली.

ती फुलंही उगाच शोभेची नव्हती. बर्फातच उमलणारा प्लमचा मोहोर म्हणजे चिवटपणा. ऐन बहरात गळून पडणारं चेरीचं फूल म्हणजे योद्ध्याचं आयुष्य. पात्यासारख्या पानांच्या आयरिसला ‘शोबु’ म्हणतात आणि याच उच्चाराच्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ आहे शौर्याचा आदर. पिओनीचं भरगच्च फूल वैभवाचं. शेवंती सम्राटाच्या घराण्याची खूण. मारण्यासाठी घडवलेल्या हत्याराच्या मुठीशी ही फुलं का बसली असतील? कदाचित हातात तलवार घेणाऱ्याला आपणही गळून पडणारे आहोत, याची आठवण राहावी म्हणून!

पुढं नात्सुओ ओत्सुकी परंपरेतल्या इकेदा ताकातोशी या गुरूकडे गेला. कोरीव काम करणाऱ्याला आधी चित्र यायला हवं, म्हणून नाकाजिमा राइशो या चित्रकाराकडेही शिकला. हे घराणं निसर्ग समोर ठेवून चित्र काढणाऱ्यांचं. फूल पुस्तकातल्या नमुन्यावरून उतरवायचं नाही, झाडावरचं पाहायचं. म्हणूनच नात्सुओच्या फुलाला नुसता आकार नसतो, वजनही असतं. पिओनी जडपणानं कललेली जाणवते.

त्याच्या हातातली खास कला म्हणजे ‘काताकिरी’. छिन्नी एका कडेला तिरपी धरून रेघ कापायची. एका बाजूनं खोल, दुसऱ्या बाजूनं उतरती. कुंचल्याच्या फटकाऱ्यासारखी ती जाड-बारीक होत जाते. कागदावर चुकलं तर दुसरा कागद घेता येतो. इथं एक घाव चुकला की महिन्याची मेहनत पाण्यात! कॅनव्हास होता लोखंडाचा किंवा मिश्रधातूंचा. तांब्यात थोडं सोनं मिसळून, खास द्रावणात उकळून निळसर काळा रंग चढवलेला ‘शाकुदो’. तांब्यात साधारण चौथा हिस्सा चांदी मिसळलेला राखाडी ‘शिबुइची’. त्या काळोख्या पार्श्वभूमीवर सोन्याची एकच पाकळी पुरे होई.

१८५४ साली तो एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला आला आणि कांदा भागात त्यानं दुकान थाटलं. अमेरिकेच्या काळ्या जहाजांनी जपानचा बंद दरवाजा ठोठावला तो हाच काळ. शोगुनांची सत्ता डळमळू लागली होती. तरी नात्सुओचं नाव वाढतच गेलं. १८६८ साली सत्ता सम्राटाकडे आली आणि पुढच्याच वर्षी खुद्द मेइजी सम्राटाच्या तलवारीचा साज करायचं काम त्याच्याकडे आलं.

त्याच वर्षी दुसरंही बोलावणं आलं. नव्या सरकारला नवी नाणी पाडायची होती. ओसाकात टांकसाळ उभी राहत होती, यंत्रं हाँगकाँगच्या बंद पडलेल्या टांकसाळीतून आणलेली. नाण्यांचे ठसे इंग्लंडमधून करून घ्यायचे, असा आधी बेत होता. पण नात्सुओचं काम पाहिल्यावर तो बेत बदलला. शिष्यांना हाताशी घेऊन त्यानं ठसे कोरले. एका बाजूला ड्रॅगन. दुसऱ्या बाजूला सूर्य आणि त्याच्याभोवती शेवंती व ‘किरी’ या झाडाच्या डहाळ्या. मुठीवरची फुलं आता सामान्य माणसाच्या खिशात गेली. टांकसाळीचं काम रीतसर सुरू झालं १८७१ साली.

आणि मग २८ मार्च १८७६ उजाडला. लष्कर, पोलीस आणि दरबारी पोशाखातले अधिकारी वगळता कुणीही तलवार बाळगून हिंडायचं नाही, असा हुकूम निघाला. एका कागदावर शेकडो वर्षांचा धंदा बसला. पिढ्यान् पिढ्या साज घडवणाऱ्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. घराघरातले त्सुबा मोडीत निघाले, परदेशी शौकिनांकडे गेले. नात्सुओ तेव्हा अठ्ठेचाळिशीच्या उंबरठ्यावर होता. या वयात हातातलं काम जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. आमच्या बँकेत संगणक आला तेव्हा खातेवहीत मोत्यासारखं अक्षर काढणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांचे चेहरे मला आठवतात.

नात्सुओनं छिन्नी खाली ठेवली नाही. त्याच पिओनी, तोच प्लमचा मोहोर त्यानं फुलदाण्यांवर, धूपदाण्यांवर, तंबाखूच्या बटव्यांच्या कड्यांवर उतरवला. वस्तू बदलली, हात तोच राहिला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यानं ती कला पुढच्यांच्या हाती दिली. तोक्योच्या नव्या कलाशाळेत १८९० साली तो प्राध्यापक झाला आणि त्याच वर्षी राजदरबाराच्या पहिल्या कलावंतांमध्ये त्याची नेमणूक झाली. गुरूच्या घरी झाडलोट करत शिकलेला कारागीर आता वर्गात उभा राहून शिकवू लागला. कागावा कात्सुहिरोसारखा शिष्य त्याच्या हाताखाली तयार झाला. ३ फेब्रुवारी १८९८ रोजी नात्सुओ गेला. प्लमला मोहोर येण्याचे ते दिवस.

आज जपानच्या नाण्यांवर त्याचा ड्रॅगन नाही. पण शंभर येनच्या नाण्यावर चेरीची फुलं आहेत, पन्नासच्या नाण्यावर शेवंती आणि पाचशेच्या नाण्यावर किरी. ती त्याच्या हातची नव्हेत. तरी कुणी जपानला जाऊन आलं, की मी शंभर येनचं नाणं आवर्जून मागून घेतो. मोजण्यासाठी नाही. आता निवांत बघायला सवड आहे.