सुगरणीच्या संसाराचे कोडे उलगडणारा पक्षितज्ज्ञ

'सुगरण' हे नाव स्त्रीलिंगी. बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेने हा पक्षी मराठी घराघरांत पोहोचवला, तोही कष्टाळू आईच्या रूपात. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला टांगलेला तो देखणा खोपा विणतो मात्र नर. एवढेच नव्हे, एका मादीचा संसार थाटून झाला की तो शेजारीच दुसऱ्या खोप्याची पहिली गाठ मारतो. सुगरणीच्या या संसाराचा क्रम उलगडून दाखवणारा अभ्यास महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच झाला. तो केला डॉ. सलीम अली यांनी, आणि तोही हातात नोकरी नसताना.

सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. तीन वर्षांचे होण्याच्या सुमारास आई-वडिलांचे छत्र हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील घरी त्यांना वाढवले. छर्‍याच्या बंदुकीने टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला आणि तिची ओळख पटवण्यासाठी हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत जाऊन पोहोचला. तेथील मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि पुस्तके वाचायला दिली. आयुष्याची दिशा तेथेच ठरली.

पुढचा मार्ग मात्र सरळ नव्हता. ब्रह्मदेशात कुटुंबाच्या खाण व लाकडाच्या व्यवसायात काही वर्षे गेली. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी विवाह झाला. विद्यापीठाची पदवी नसल्याने भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षण संस्थेतील पक्षितज्ज्ञाची जागा मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्याता म्हणून काम मिळाले. १९२८ मध्ये ते रजा घेऊन बर्लिनला गेले. तेथे एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली त्यांनी पक्षिशास्त्राचे रीतसर धडे घेतले. जिवंत पक्ष्याच्या जीवनक्रमाचा अभ्यास हेही शास्त्रच आहे, ही दृष्टी त्यांना तेथे लाभली.

१९३० मध्ये ते परतले तेव्हा निधीअभावी त्यांचे पदच रद्द झाले होते. मुंबईचा खर्च परवडेना. अलिबागजवळील किहीम येथे तेहमिना यांच्या कुटुंबाचे घर होते. हे जोडपे तेथे राहायला गेले. पावसाळ्यात घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत भरली आणि बेकारीतील त्या दिवसांना काम मिळाले.

सुगरणीच्या वसाहतीत अर्धवट सोडलेले अनेक खोपे दिसतात. मादी अंडी उबवत असताना नराने स्वतःसाठी बांधलेला तो झोका, असा जुना समज होता. अली यांनी तासन् तास निरीक्षण करून प्रत्येक खोप्याची हकिकत नोंदवली. नर गवताच्या व पात्यांच्या चिरोट्या आणून खोपा शिरस्त्राणाच्या आकारापर्यंत विणतो आणि थांबतो. मग माद्यांचा थवा येतो. नर पंख फडफडवत आपले काम मिरवतात. माद्या आत शिरून पाहणी करतात. पसंत पडला तर मादी तो खोपा ताब्यात घेते आणि त्यानंतरच जोडी जमते. नर मग अंडकक्ष व खालची लांब नळी पुरी करतो. नापसंत खोपा तसाच लोंबत राहतो. मादी दोन ते चार अंडी घालून ती एकटीच उबवते. दरम्यान नराने नवा खोपा सुरू केलेला असतो. तोही एखाद्या मादीला आवडला तर त्याच हंगामात त्याचा दुसरा, कधी तिसरा संसार उभा राहतो. हा अभ्यास १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि नोकरी गमावलेल्या या माणसाचे नाव पक्षिशास्त्राच्या जगात झाले.

नर असे का वागतो, याचे उत्तर पुढच्या संशोधकांनी शोधले. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन क्रूक यांनी १९६४ मध्ये सुगरणीच्या कुळातील अनेक जातींची तुलना केली. दाट जंगलात किडे वेचणाऱ्या जाती बहुधा जोडीने राहतात. तेथे अन्न विखुरलेले असते आणि पिले जगवायला दोघांची चोच लागते. उघड्या माळावर धान्य खाणाऱ्या जाती वसाहती करतात. अन्न एका जागी भरपूर मिळते, सुरक्षित झाडे मात्र मोजकीच असतात. तेथे मादी पिलांचा बहुतेक भार एकटी पेलू शकते. त्यामुळे मोकळ्या झालेल्या नराला आणखी खोपे विणण्यातच अधिक वंशवृद्धी साधते. एकपत्नीत्व किंवा बहुपत्नीत्व हा पक्ष्याच्या नीतीचा प्रश्न नसून अन्न, निवारा आणि संगोपन यांचा हिशेब आहे, हे यातून स्पष्ट झाले.

सातारा जिल्ह्यात हा फरक एका घाटाच्या अंतरावर पाहता येतो. महाबळेश्वरच्या झाडीत शिपाई बुलबुलाची जोडी मिळून पिलांना भरवते. घाट उतरून खालच्या शेतशिवारात आले की सुगरणीचे राज्य सुरू होते. मादीही येथे केवळ कारागिरीवर भाळत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार विणकामापेक्षा खोप्याची जागा तिच्या निवडीत अधिक महत्त्वाची ठरते. मोक्याच्या फांदीवरील नराची दुसरी जोडीदार होणे तिला धोक्याच्या जागेपेक्षा लाभाचे ठरू शकते.

अली यांचा स्वतःचा संसार मात्र अकाली मोडला. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर तेहमिना यांचे निधन झाले. ते बहिणीच्या घरी राहू लागले आणि उरलेले आयुष्य त्यांनी पक्ष्यांना वाहिले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. पुढे डिलन रिप्ली यांच्यासह दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात सिद्ध झाला. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण आणि १९८५ मध्ये राज्यसभेचे सदस्यत्व त्यांना लाभले. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

ज्या माणसाला पदवीअभावी नोकरी नाकारली गेली, त्याने रिकाम्या हातांनी एका पावसाळ्यात सुगरणीचे घर वाचून दाखवले. बांधावरची बाभूळ आणि विहिरीवरचे शिंदीचे झाड तोडले जाते तेव्हा एक अख्खी वसाहत आपला निवारा गमावते. तो निवारा राखणे, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.