पांढऱ्या-काळ्या कबुतरांचं नातवंड निळं कसं? डार्विन यांनी सोडवलेलं कोडं

नाशिकच्या गंगापूर रोडवर बाल्कनीत येणारी कबुतरं नीट बघा. अनेकांचं अंग निळसर राखाडी आणि पंखांवर दोन काळे पट्टे दिसतील. हेच पट्टे चार्ल्स डार्विन यांच्यासाठी मोठा पुरावा ठरले.

१८०९ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्या डार्विन यांनी १८५५ मध्ये कबुतरं पाळायला सुरुवात केली. ते लंडनच्या दोन कबूतर क्लबांचे सदस्य झाले. भारतातून वॉल्टर एलियट यांनी त्यांना कबुतरांची कातडी पाठवली. कबुतरं पाळणाऱ्यांना वाटायचं, प्रत्येक जातीचा पूर्वज वेगळा. डार्विन यांना ते पटत नव्हतं.

त्यांनी पांढऱ्या लक्का कबुतरांचा काळ्या ‘बार्ब’ कबुतरांशी संकर केला. पिल्लं तपकिरी-काळी निघाली. त्यांचा पुन्हा आपसांत संकर केल्यावर एक पिल्लू चक्क निळं निघालं, पंखांवर दोन काळे पट्टे घेऊन! हा रंग आला कुठून? रानातल्या पारव्याकडून, म्हणजे या सगळ्या जातींच्या एकाच पूर्वजाकडून.

१८५९ मध्ये आलेल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या पहिल्याच प्रकरणात हा प्रयोग आहे. माणूस निवड करून एका पारव्यापासून इतके प्रकार घडवू शकतो, तर निसर्गही नव्या जाती घडवू शकतो, हा त्यांचा मुद्दा. १८८२ मध्ये डार्विन यांचं निधन झालं.