वारीचे सेनानी : हैबतबाबा आरफळकर

आळंदीस श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या दर्शनास जाणारा भाविक महाद्वारात शिरताना पहिल्या पायरीला हात लावून तो मस्तकी नेतो. पंढरपुरास जशी नामदेवांची पायरी, तशी आळंदीस ही हैबतबाबांची. माउलींच्या समाधिसोहळ्याची कार्तिकी यात्रा या पायरीच्या पूजनाने सुरू होते. पायरीवरून रोज सहस्रावधी पावले जातात. परंतु ज्या पुरुषाने या पावलांना पंढरीच्या वाटेवर एकत्र चालावयास शिकविले, त्याचे चरित्र मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांस ठाऊक असते.

आमच्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मंडळाच्या सहलींविषयी काही लिहावे, अशी आम्हांस सूचना झाली. बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत पोटापाण्यासाठी आलेल्या मराठी कुटुंबांना एकत्र आणण्यात गणेशोत्सवाच्या खालोखाल या सहलींचाच वाटा आहे. पण शेकडो माणसे बरोबर घेऊन निघणे आणि सर्वांना सुखरूप परत आणणे ही विद्या शिकावयाची कोणाकडून, असा विचार करू लागताच आमच्यासमोर एकच नाव उभे राहिले. म्हणून हा चरित्रलेख.

हैबतराव पवार हे सातारा जिल्ह्यातील आरफळ या गावचे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी तरुणांना शिंदे-होळकरांच्या लष्करात मोठा वाव होता. हैबतराव ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी राहिले आणि सरदारकीस चढले. घरची परंपरा वारकरी असल्याने तलवारीबरोबर हरिपाठही मुखी होता. लष्करी चाकरीत जे त्यांच्या अंगी मुरले, त्याचे महत्त्व पुढे कळून येते. छावणी केव्हा उठवावयाची, कोणती तुकडी पुढे व कोणती मागे, तंबू कोठे, दाणागोटा कोठून, इशारतीचा आवाज झाला की काय करावयाचे, हे त्यांना पाठ होते.

त्यांच्या आयुष्यास कलाटणी देणारी घटना आख्यायिकेच्या रूपाने सांगितली जाते. चाकरीतून मिळालेले द्रव्य घेऊन ते साथीदारांसह गावाकडे निघाले असता सातपुड्याच्या रानात भिल्लांनी त्यांस गाठले, लुटले आणि एका गुहेत कोंडून तोंडाशी धोंडा लावला. आत अन्न नाही, पाणी नाही. हैबतरावांनी अखंड हरिपाठ आरंभिला. पुढे भिल्लांच्या नायकास पुत्र झाला, आनंदाच्या भरात त्याने धोंडा दूर करविला, तेव्हा आतील माणूस जिवंत आणि नामात रंगलेला दिसला. नायक विरघळला व लुटलेले धन परत करून त्याने सर्वांस सोडून दिले. यातील कोणता तपशील इतिहासाचा आणि कोणता भक्तांच्या प्रेमाचा, याची चिकित्सा आम्ही करीत नाही. गुहेतून सुटलेला सरदार आरफळास संसाराकरिता गेला नाही, आळंदीस जाऊन राहिला व उरलेले आयुष्य त्याने माउलींच्या सेवेत घालविले, एवढे निश्चित. हैबतरावांचे हैबतबाबा झाले.

त्या काळी पालखीची प्रथा कशी होती, हे येथे सांगितले पाहिजे. वारी ज्ञानदेवांच्याही आधीची. परंतु पालखी आणली ती तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी, १६८५ मध्ये. तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून ते देहूहून आळंदीस येत, तेथे ज्ञानदेवांच्या पादुका घेत आणि एकाच पालखीतून दोन्ही संतांस पंढरीस नेत. ही रीत जवळजवळ दीडशे वर्षे चालली. पुढे देहूकर मंडळींत सेवेच्या हक्कांवरून तंटे उपस्थित झाले. तंट्याचा त्रास यात्रेस होऊ लागला, तेव्हा हैबतबाबांनी १८३१-३२ च्या सुमारास आळंदीहून माउलींची स्वतंत्र पालखी काढली.

भांडण झाले आणि वेगळी चूल मांडली, असे याचे वर्णन कोणी करील. संस्थांचा थोडाफार अनुभव असलेल्या वाचकास ते खरेही वाटेल. मंडळे फुटतात ती बहुधा अशीच. तथापि फुटून निघालेल्यांची दुसरी मंडळे दहा वर्षांतच मोडलेली आम्ही पाहिली आहेत. हैबतबाबांचा सोहळा मात्र दोनशे वर्षांच्या उंबरठ्यावर उभा आहे.

काळही अनुकूल नव्हता. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली होती. पुण्यावर कंपनीचे राज्य होते आणि नीरा ओलांडली की सातारच्या छत्रपतींचा मुलूख लागे. पूर्वीचा राजाश्रय राहिलेला नव्हता. बाबांनी आश्रयदाता शोधला तो दूर कृष्णाकाठी, बेळगाव भागातील अंकली येथे. तेथील शितोळे सरकारांनी घोडे, तंबू व माउलींच्या नैवेद्याची सेवा स्वीकारली, आणि ती आजही त्याच घराण्याकडे आहे. अंकली १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आपल्या या कर्नाटक राज्यात (तेव्हाचे म्हैसूर राज्य) आहे. दर वर्षी ज्येष्ठात माउलींचे अश्व तेथून पायी निघतात आणि प्रस्थानापूर्वी आळंदीस पोहोचतात. सीमेवरून माणसांनी केवढे वाद घातले. अश्वांची वाट त्यामुळे एका वर्षीही बदलली नाही. बंगळूरकर मराठी माणसास याचे समाधान वाटावे. भजनाची बाजू वासकरांसारख्या फडकऱ्यांनी सांभाळली. त्या फडाचे मूळ पुरुष मल्लाप्पा वासकर. मल्लाप्पा हे नाव तर आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांत रोज कानी पडते.

आता व्यवस्थेकडे वळू. आमच्या मते बाबांचे खरे चरित्र तिच्यातच आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीस प्रस्थान आणि आषाढ शुद्ध दशमीस पंढरपूर, ही दोन टोके अढळ. मधली सुमारे २५० किलोमीटरांची वाट पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी अशा मुक्कामांनी बांधलेली. पाऊस असो वा ऊन, मुक्काम चुकवावयाचा नाही. पहाटे निघण्यापूर्वी तीनदा कर्णा वाजतो. पहिल्याने आवराआवर, दुसऱ्याने दिंड्यांनी आपापल्या जागी येणे, तिसऱ्याने चालू लागणे. छावणी उठविण्याची लष्करातली रीत बाबांनी नामस्मरणाच्या कामी लावली, हे सांगावयास इतिहासकार लागत नाही.

प्रत्येक दिंडीचा क्रमांक ठरलेला. रथापुढे २७ दिंड्या व रथामागे त्यांच्या कित्येक पट. दिंडीत पताकाधारी, टाळकरी, मृदंगी, वीणेकरी व डोईवर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया यांची जागा ठरलेली; कोणत्या वेळी व कोणत्या वारी कोणते अभंग म्हणावयाचे, तेही ठरलेले. पुढे कोणी जावे यासाठी धावपळ नाही, कारण पुढे-मागेचा प्रश्न एकदाच निकालात निघाला. जेवणाखाण्याची व निवाऱ्याची जबाबदारी ज्या त्या दिंडीची. म्हणूनच लक्षावधी माणसांचा समुदाय एकाच मुदपाकखान्यावर अवलंबून न राहता चालू शकतो.

सर्वांत आम्हांस मोह पडतो तो सायंकाळच्या समाजआरतीचा. मुक्कामी पालखीभोवती सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड उंच करतो आणि क्षणार्धात एवढा जनसमुदाय निःशब्द होतो. मग हरवलेल्या व सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशीची वेळ सांगितली जाते आणि आरती होते. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दंड वर गेल्यावरही टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्यापाशी जातो, गाऱ्हाणे ऐकून घेतो, तेथल्या तेथे निवाडा होतो आणि मगच टाळ थांबतात. तक्रार मनात ठेवून कोणी झोपावयाचे नाही.

आमची आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. काही वर्षांपूर्वी मंडळातर्फे दोन बसगाड्या घेऊन आम्ही पंढरपुरास निघालो. चित्रदुर्गाच्या अलीकडे चहासाठी थांबलो आणि एका वृद्ध गृहस्थांना तेथेच ठेवून पुढे निघालो. या गाडीतल्यांस वाटले ते त्या गाडीत आहेत, त्या गाडीतल्यांस वाटले या गाडीत. तासाभराने चूक उमगली. गाडी परत आली तेव्हा आजोबा उपाहारगृहाच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. ते कोणास काही बोलले नाहीत, हेच जास्त लागले. खर्चाचा हिशेब, खोल्यांची वाटणी, न्याहारीचे पदार्थ यांचे कागद आमच्यापाशी व्यवस्थित होते. डोकी मोजावयाची कोणी, एवढेच ठरले नव्हते, आणि सहलप्रमुख आम्हीच होतो.

बाबांच्या योजनेतील एक गोष्ट मात्र लष्करात कोठेही सापडणार नाही. सोहळ्यात दोन अश्व असतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो; दुसऱ्याच्या पाठीवर कोणीच नसते. तो माउलींचा. रिंगणात दोन्ही अश्व धावतात आणि मोकळा अश्व पुढे गेला की लोक त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतात. घोडदळात आयुष्य काढलेल्या सरदाराला रिकाम्या खोगिराचा एकच अर्थ ठाऊक असणार. त्याच रिकाम्या जागी बाबांनी सोहळ्याचा धनी बसविला आणि स्वतः पायी चालत राहिले. आरफळकर घराण्याकडे सोहळ्याचे मालकपण चालत आले आहे. परंतु हे मालकही माउलींचे सेवेकरीच.

हैबतबाबांनी १८३६ मध्ये देह ठेवला. स्वतंत्र पालखीच्या मोजक्याच वाऱ्या त्यांच्या डोळ्यांदेखत झाल्या. पुढच्या वर्षी ज्येष्ठात कर्णा वाजला, दिंड्या आपापल्या जागी उभ्या राहिल्या आणि सोहळा निघाला. त्यानंतर राज्ये बदलली, साथी आल्या. २०२० मध्ये कोरोनामुळे पायी वारी होऊ शकली नाही, तेव्हा मोजक्या मंडळींसह पादुका एस. टी. च्या गाडीतून पंढरपुरास गेल्या; दशमी चुकली नाही.

आषाढी झाली की लक्षावधी वारकरी मिळेल त्या वाहनाने घरोघर परततात. वृत्तपत्रांची छायाचित्रेही तेथेच संपतात. पौर्णिमेचा काला झाल्यावर माउलींच्या पादुका मात्र आल्या वाटेनेच परत निघतात. बरोबर थोडीच माणसे असतात, मजल लांब असते, स्वागताच्या कमानी उतरलेल्या असतात. पाऊस आता खरा लागलेला असतो. टाळ वाजत असतात, मुक्काम ठरलेले असतात, आणि आषाढ वद्यात एके दिवशी पालखी महाद्वारातील त्या पायरीवरून आत जाते.