पंडिता रमाबाई आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार

उपासनेत आपण उभे राहून प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणतो. शब्बाथ शाळेतील मुलांनाही तो पाठ असतो. परंतु ओठांवर असलेले अंतःकरणात उतरलेले असतेच असे नाही. याविषयी पंडिता रमाबाईंचे चरित्र आपणांस पुष्कळ शिकविते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. आईवडिलांपाशी त्यांनी बालपणीच हजारो संस्कृत श्लोक मुखोद्गत केले. पुढे दुष्काळाच्या दिवसांत १८७४ साली आईवडील वारले. १८७८ साली कलकत्त्यास त्यांच्या विद्वत्तेचा गौरव झाला. पण इतके पाठांतर असूनही मनाला शांती नव्हती. १८८२ साली पती निवर्तले. १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

इंग्लंडच्या मंडळीच्या बाप्तिस्मा-विधीत हा अंगीकार प्रश्नरूपाने विचारला जातो. त्याचे मूळ स्थान हेच आहे. बारा प्रेषितांनी एकेक वाक्य रचून तो सिद्ध केला, ही जुनी आख्यायिका होय. वस्तुतः रोमच्या मंडळीत बाप्तिस्मा घेणाऱ्यास पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांविषयी तीन प्रश्न विचारीत. प्रत्येक उत्तरानंतर त्याला पाण्यात बुडवीत. त्या प्रश्नोत्तरांतूनच हा अंगीकार घडत गेला आणि आठव्या शतकाच्या सुमारास त्याला आजचे रूप आले. म्हणूनच तो ‘आम्ही’ने नव्हे, तर ‘मी’ने सुरू होतो. हे उत्तर ज्याचे त्यानेच द्यावयाचे असते.

रमाबाईंनी हा ‘मी’ फार मनावर घेतला. १८८५ साली त्रैक्य व ख्रिस्ताचे ईश्वरत्व यांविषयी त्यांच्या मनात शंका उठल्या. अथानासियाच्या नावाने चालणारा अंगीकार, न मानणाऱ्यास नाशाची ताकीद देतो. तो त्यांना मान्य होईना. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना हा अहंकार वाटला. परक्या देशात, त्यांच्याच आश्रयाला असताना, होकार देणे सोपे होते. परंतु पवित्र शास्त्रात पटल्यावाचून कबूल करणे रमाबाईंना खोटेपणा वाटे.

ही ओढाताण व्यर्थ गेली नाही. १८८९ साली मुंबईस शारदासदन काढल्यावर, १८९१ च्या सुमारास त्यांना उमगले की, आपण ख्रिस्ती धर्म पत्करला, पण खुद्द ख्रिस्त अजून आपल्याला लाभलेला नाही. तेव्हा त्या तारणाऱ्याला शरण गेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या. आपला बालाघाट जिल्हा त्या वेळी याच प्रांतात होता. येथून त्यांनी शेकडो अनाथ मुली व विधवा नेल्या आणि केडगावच्या मुक्तीमध्ये त्यांना आसरा दिला. पापांची क्षमा, पवित्र जनांची संगती ही अंगीकारातील वचने तेथे चालती-बोलती झाली. शेवटली वर्षे त्यांनी साध्या माणसाला कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करण्यात घालविली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूजवळ गेल्या.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांकडून अंगीकार अवश्य पाठ करून घ्या. पण एखाद्या मुलाने मध्येच शंका विचारली, तर त्याला गप्प बसवू नका. तो कदाचित त्या ‘मी’पाशी येऊन थांबला असेल.