डेसिबलमागचा माणूस

घरात नवा होम थिएटर आला की पहिला प्रश्न असतो, याचा आवाज किती मोठा होतो? तो किती ठेवावा, हे सहसा कोणी विचारत नाही. आवाजाची पातळी ज्या एककात मोजतात, त्या ‘डेसिबल’मध्ये एका माणसाचे नाव आहे : अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. टेलिफोनचे जनक म्हणून सारे त्यांना ओळखतात; पण त्यांचे बरेचसे आयुष्य गेले ते ऐकू न येणाऱ्या माणसांत.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिनबरो येथे झाला. वडील आणि आजोबा दोघेही उच्चारशास्त्राचे शिक्षक. आई एलायझा यांना मात्र फारच कमी ऐकू येई. इतर लोक त्यांच्याशी कानाला लावायच्या नळीतून बोलत. हा मुलगा आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या स्वरात बोले आणि ते आईला समजे. आवाज म्हणजे कंपन, आणि ते हाडांतूनही पोहोचते, हा धडा असा घरातच मिळाला.

क्षयाने दोन्ही भाऊ गेले. धास्तावलेले आईवडील १८७० मध्ये उरलेल्या मुलाला घेऊन कॅनडात आले. पुढच्याच वर्षी बेल बोस्टनला बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवू लागले. मेबल हबर्ड ही त्यांची विद्यार्थिनी. पाचव्या वर्षी आलेल्या स्कार्लेट फीवरने तिचे ऐकणे कायमचे हिरावले होते. १८७७ मध्ये ती त्यांची पत्नी झाली. पतीने लावलेल्या टेलिफोनमधला आवाज तिला कधीच ऐकता आला नाही.

टेलिफोनची कल्पनाही कानातूनच आली. १८७४ मध्ये कानाचे डॉक्टर क्लॅरेन्स ब्लेक यांनी त्यांना मृत व्यक्तीचा कान अभ्यासासाठी मिळवून दिला. बेल यांनी त्याच्या हाडाला गवताची काडी जोडली. कानाजवळ बोलताच काडी काजळी धरलेल्या काचेवर रेघा ओढू लागली. कागदासारखा पातळ पडदा आपल्याहून जड हाडे हलवू शकतो, तर मोठा पडदा लोखंडाचा तुकडा का हलवणार नाही? या विचारातून पुढे गेलेल्या कामाला ७ मार्च १८७६ रोजी पेटंट मिळाले.

१८७९ मध्ये त्यांनी श्रवणशक्ती मोजण्याचे यंत्र, म्हणजे ऑडिओमीटर तयार केले. फ्रान्सने दिलेल्या व्होल्टा पारितोषिकाच्या पैशातून प्रयोगशाळा उभारली. तेथे एडिसन यांच्या फोनोग्राफमधील कथलाच्या पत्र्याऐवजी मेण वापरून ध्वनिमुद्रण सुधारले गेले. घरोघरी संगीत पोहोचण्याच्या वाटेवरचा हा एक टप्पा. त्यांची एक बाजू मात्र वादाची राहिली. बहिऱ्या मुलांनी खुणांची भाषा सोडून बोलायलाच शिकावे, या त्यांच्या आग्रहाने नुकसान झाले, असे बहिऱ्यांच्या समाजात आजही अनेकांना वाटते.

२ ऑगस्ट १९२२ रोजी मधुमेहाच्या गुंतागुंतीने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जानेवारीत त्याच कॅनडात इन्सुलिन पहिल्यांदा रुग्णाला टोचले गेले होते. सर्वांपर्यंत ते पोहोचायचे होते. अंत्यसंस्काराच्या वेळी उत्तर अमेरिकेतील टेलिफोन मिनिटभर बंद ठेवण्यात आले. पुढे त्याच दशकात टेलिफोन अभियंत्यांनी ध्वनीच्या एककाला ‘बेल’ हे नाव दिले. त्याचा दहावा भाग म्हणजे डेसिबल.

हे एकक फसवे आहे. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, पण कानावर आदळणारी ऊर्जा दहापट झालेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चार तास उरतात. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

म्हणून स्पीकर बसण्याच्या जागेपासून दूर ठेवावेत. शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावे लागले, तर आवाज जास्त आहे असे समजावे. यंत्र सुरू करताना आवाजाचे बटण सर्वांत खाली असावे. ॲम्प्लिफायरला अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटमधूनच वीज द्यावी. तिसरी पिन तोडू नये. त्याच्याभोवती हवा खेळती ठेवावी. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहू शकते, त्यामुळे झाकण घरी उघडू नये. भिंतीवरचे स्पीकर पक्क्या ब्रॅकेटवर बसवावेत आणि वायर मुलांच्या पायांत येऊ देऊ नये.

गाणे संपल्यावर कानात शिटी वाजत राहिली किंवा दडे बसल्यासारखे वाटले, तर तो इशारा आहे. कानाला विश्रांती द्यावी. त्रास दुसऱ्या दिवशीही राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घ्यावी. ऐकू येणे अचानक कमी झाले, तर मात्र त्याच दिवशी जावे.